पालवी नावाचा मुलगा

पपईचं रोप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एकदा तरी म्हणतंच, "काका, यातलं मादी कुठलं ते बघून द्या." चाळीस वर्षं रोपवाटिका चालवतोय आणि चाळीस वर्षं तेच उत्तर देतोय, की फूल येईपर्यंत कळत नाही. तरी माणूस रोप हातात घेऊन खालून-वरून न्याहाळतो, जणू मी मुद्दाम लपवून ठेवलंय. मग माझं डोकं फिरतं. ते तसं लवकर फिरतं, हे आमच्या सगळ्या रस्त्याला माहीत आहे.

त्यामुळे मुलीने बाळंतपणाच्या नवव्या दिवशी "मुलाचं नाव पालवी ठेवायचं" असं जाहीर केलं आणि मी ओरडलो, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

"ते मुलीचं नाव आहे," मी म्हणालो. "मुलाला असलं नाव कोण ठेवतं? शाळेत पोरं त्याला जगू देणार नाहीत."

"नाव म्हणजे काय फ्रॉक आहे का, बाबा?" ती म्हणाली आणि मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन आत गेली.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगून टाकतो. पालवी हे माझं नाव आहे. माझ्या आईने ठेवलेलं. दिवस भरायच्या आधीच मी जन्माला आलो, जेमतेम ओंजळभर होतो आणि दूध ओढत नव्हतो. सुईणीने आशा सोडली होती. पाचव्या दिवशी मी दूध ओढलं आणि आई म्हणाली, पालवी फुटली. झालं, नाव पक्कं. मुलाचं की मुलीचं असला विचार करायच्या मनःस्थितीत ती नव्हतीच. पुढे शाळेत त्या नावापायी मी काय सोसलं ते उगाळत बसत नाही. हजेरी घेताना मास्तरसुद्धा हसू दाबायचे, एवढं सांगितलं तरी पुरे.

एकोणिसाव्या वर्षी मी कचेरीत जाऊन नाव बदलून घेतलं. चारचौघांत खपेल असं एक निवडलं. त्याच संध्याकाळी मित्र बसलेले असताना आईने सवयीने आतून हाक मारली आणि मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, पुन्हा त्या नावाने हाक मारलीस तर ओ देणार नाही. तिने पुन्हा मारली नाही. त्यानंतर ती मरेपर्यंत मी तिच्यासाठी नुसता "अरे" होतो. अरे, जेवायला ये. अरे, छत्री विसरलास. पुढे आम्ही गाव सोडून इथे आलो आणि ते नाव तिकडेच राहिलं. माझ्या मुलीच्या आईलाही ते कधी कळलं नाही आणि मुलगी आठ वर्षांची असतानाच ती गेली. म्हणजे हे नाव ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच, असं मी धरून चाललो होतो.

मुलीला ते कुठून सुचलं, हा प्रश्न मला पडला नाही. रोपांत वाढलेली पोरगी, तिला पानाफुलांचंच नाव सुचणार, असं वाटलं. मला एवढंच हवं होतं की माझ्या वाट्याला आलं ते नातवाच्या वाट्याला येऊ नये.

जावईबापू औषधाच्या दुकानात काम करतात. मोजून-मापून बोलणारा माणूस. आमच्या दोघांच्या मध्ये सापडल्यावर त्यांनी एक तोडगा काढला. "बाबा, शनिवारी कचेरीत नाव द्यायचंय. तोपर्यंत लोकांनाच विचारू या. पालवी हे नाव मुलाला शोभतं की मुलीला?"

रोपांच्या कुंडीत नाव लिहून खोचायच्या लाकडी काड्या आमच्याकडे पोत्याने पडलेल्या असतात. जावईबापूंनी एका उथळ ट्रेमध्ये ओली वाळू भरली, मधोमध सुतळी ताणली, डावीकडे "मुलगी" आणि उजवीकडे "मुलगा" अशा पाट्या लावल्या आणि ट्रे गल्ल्याशेजारी ठेवला. येईल त्याने एक काडी घ्यावी आणि आपल्या मताच्या बाजूला खोचावी. मी म्हटलं ठेवा, लोकांना अक्कल असेल तर चार दिवसांत कळेलच तुम्हाला.

लोकांना अक्कल नव्हती. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मात्र डावीकडे काडी खोचली. म्हणाल्या, "पालवी म्हणजे कशी नाजूक. मुलीचंच." मी त्यांना त्या दिवशी जास्वंदीची एक फांदी फुकट दिली. पण तिथेच गॅरेजवाला उभा होता. तो म्हणाला, "नाजूक कसली, बाई? माझ्या गॅरेजच्या भिंतीला चीर गेलीय, तिच्यातून पिंपळाने डोकं काढलंय. तीनदा खरवडलं. चौथ्यांदा आली पालवी. माझं मत मुलगा." आणि त्याने ग्रीसच्या बोटांनी काडी अशी खुपसली की अर्धी मोडली. पोस्टमनने दोन्हीकडे एकेक काडी खोचली आणि म्हणाला, दोघांनाही चालेल. हे मत बाद धरायचं की दोन धरायची, यावर जावईबापू रात्रीच्या जेवणापर्यंत विचारात पडले होते.

गुरुवारी दुपारी मी मोजलं. मुलगा चौदा, मुलगी नऊ.  गंमत म्हणून मांडलेला खेळ, पण जावईबापू निकाल पाळणारा माणूस आणि मुलीला तर हेच हवं होतं. रोपवाटिकेत चिटपाखरू नव्हतं. मी मूठभर काड्या उचलल्या आणि डावीकडे लावून टाकल्या. अकरा. वीस विरुद्ध चौदा. लाज वाटली का? वाटली. पण शाळेच्या मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला पोरगा मला दिसत होता आणि तो काही जावईबापूंच्या ट्रेमध्ये मोजला जाणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी मुलगी पहिल्यांदाच बाहेर आली, बाळाला उन्हात धरायला. मी कलमं बांधत होतो. ती ट्रेजवळ उभी राहिली आणि वाकून काड्या बघू लागली.

"बाबा," ती म्हणाली, "लोक काडी खोचतात. लावत नाहीत."

मी कलमाला दोऱ्याचा आणखी एक वेढा दिला.

"ही बघा ना. अकरा काड्या एका ओळीत. दोन काड्यांत चार बोटांचं अंतर. प्रत्येकीच्या बुडाशी वाळू अंगठ्याने दाबलेली." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त अवघड होतं. "लहानपणी माझं एक रोप वाकडं लागलं तर तुम्ही सगळी ओळ उपटायला लावायचात. चोरी करतानाही तुमचा हात सरळच चालतो."

पाणी घालायचंच बाकी राहिलं होतं, नाहीतर काड्यांना मुळं फुटली असती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी दोरा खाली ठेवला.

"एवढं काय वाईट आहे त्या नावात?" ती म्हणाली. "मी ते उगाच नाही निवडलं. आजीसाठी निवडलंय."

"कुठल्या आजीसाठी?"

"आपल्या आजीसाठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं ना? शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी शाळेतून आले की तिच्याजवळ बसायचे. तुम्ही इकडे कामात असायचात. ती दुपारी हाका मारायची. पालवी, ए पालवी. मी विचारलं, ही कोण गं? तर म्हणाली, माझं बाळ आहे, फार अशक्त होतं." मुलीने बाळाच्या डोळ्यांवर हाताची सावली धरली. "मला वाटलं, तुमच्या आधी तिला एक मुलगी झाली असेल आणि ती गेली असेल. तुम्ही कधी विषय काढला नाहीत, म्हणून मीही काढला नाही. पण मनात राहिलं. त्या मुलीचं या घरात काहीच नाही, बाबा. फोटो नाही, कुणी नाव काढत नाही. म्हटलं, निदान नाव तरी परत यावं. मग मुलगा झाला म्हणून मी ते का सोडू?"

मी विचारलं, "मी घरात असताना नाही मारली तिने हाक कधी?"

"नाही. तुमच्या चपलांचा आवाज आला की गप्प व्हायची. मलाही ओठांवर बोट ठेवून गप्प करायची. म्हणायची, तो ओ देणार नाही. मला वाटायचं, तिचं डोकं भ्रमलंय."

मी तिथेच उलट्या कुंडीवर बसलो. आई गेली त्याला एकवीस वर्षं झाली. मी समजत होतो की ती ते नाव विसरली. खरं तर मी तशीच समजूत करून घेतली होती, कारण ती सोयीची होती.

"ती मुलगी नव्हती," मी म्हणालो. "मीच तो. पालवी म्हणजे मी."

मग मी तिला सगळं सांगितलं. सुईण, पाचवा दिवस, हजेरी, कचेरी, मित्रांसमोरची ती संध्याकाळ.  ती शेजारच्या कुंडीवर बसून ऐकत राहिली. बाळ झोपलं होतं.

"मग मी दुसरं बघते," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला एवढं लागलं असेल तर नको."

"त्याला चिडवतील गं."

"चिडवतीलच. कान मोठे असते तर कानांवरून चिडवलं असतं. पण तुम्ही रडत घरी यायचात तेव्हा त्या नावाचं दुसरं कुणी होतं का घरात? याला असेल. फक्त त्या दुसऱ्याने ते कबूल करायला हवं."

मी उठलो, ट्रेजवळ गेलो आणि माझ्या अकरा काड्या एकेक करून उपटल्या. संध्याकाळी जावईबापू मोजायला बसले तेव्हा मुलीने त्यांना सांगितलं की मोजू नका, विरोधी पक्षाने अर्ज मागे घेतलाय.

शनिवारी कचेरीत मीच गेलो. खिडकीपलीकडे तिशीतली एक कारकून बाई होती. समोर स्टीलचा चहाचा पेला, त्यावर झाकण म्हणून बशी. तिने माझा अर्ज वाचला.

"काका, इथे मुलगी लिहायचंय का? तुम्ही मुलगा लिहिलंय."

"मुलगाच आहे."

"आणि नाव पालवी?" तिने पेन थांबवलं. ती हसली नाही, पण हसणार असं मला वाटलं. "हे मुलीचं वाटतं. एकदा नोंद झाली की बदलायला फार खेटे घालावे लागतात, म्हणून विचारते."

"मला माहीत आहेत ते खेटे. मी घातलेत. माझंच नाव आहे ते."

तिने अर्जाच्या खालच्या रकान्यावर बोट ठेवलं. "माहिती देणाऱ्याच्या नावात तर तुम्ही वेगळंच लिहिलंय."

"ते मी ठेवलेलं आहे," मी म्हणालो. "पालवी आईने ठेवलेलं."

माझ्यामागे रांगेत चार-पाच माणसं होती. त्यांनी ऐकलं असणार.  एकाने फक्त विचारलं, अजून किती वेळ लागेल. बाईंनी नाव रजिस्टरमध्ये उतरवलं आणि चूक नको म्हणून ते मोठ्याने वाचून दाखवलं. "पालवी."

"ओ," मी म्हणालो.