सरकत्या पानांनी थकलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, पण मला कुणाचा फोन येत नाही. माझ्यात सिमकार्डच नाही. वेबसाइट बनवणाऱ्या एका कार्यालयात, टेबलाच्या तिसऱ्या खणात, आणखी सात यंत्रांच्या गर्दीत मी पडून असतो. माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'जुना, हळू'. खरं तेच लिहिलंय, तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू?

एके काळी मीही चकचकीत होतो, बरं का! या कार्यालयाच्या साहेबांच्या पत्नीने मला दुकानातून आणलं आणि तीन वर्षं हातातून खाली ठेवलं नाही. "काय सुंदर फोटो येतात गं याच्यावर!" असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या. मग घरात नवा फोन आला. मी महिनाभर कपाटात चादरींखाली होतो, आणि एके दिवशी साहेबांनी मला खिशात घालून इथं आणलं. चाचणीच्या कामाला लावलं.

नवी वेबसाइट लोकांपुढे जाण्याआधी ती निरनिराळ्या फोनांवर उघडून, दाबून, छळून बघतात. ती चाचणी. हे काम एका ताईकडे होतं. ती सगळ्यात खुसपटं काढायची, म्हणून कार्यालयात तिचं नावच खुसपटताई पडलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. "मला त्यासाठीच तर ठेवलंय," असं म्हणून ती पुढचं खुसपट शोधायला घ्यायची.

गेल्या वर्षी ब्राउझरमध्ये एक नवी सोय आली. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पान खटकन बदलत नाही. जुनं विरत जातं आणि नवं अलगद सरकत येतं. साहेब त्यावर फिदाच झाले. त्या वेळी एका इस्पितळाची नंबर लावायची साइट बनत होती. "हिला लावा हे. लोक बघतच राहतील," ते म्हणाले. साइट लिहिणाऱ्या चष्मेवाल्या दादाने कामाला हात घातला. 'नंबर रद्द करायचा, नक्की ना?' असं विचारणारी एक चौकट होती, ती मध्येच उगवून सरकत्या पानांची शोभा घालवत होती. दादाने ती काढून टाकली.

नव्या फोनांवर पानं लोण्यासारखी सरकत. माझ्यावर मात्र हाल. ब्राउझर आधी जुन्या पानाचं चित्र काढून पडद्यावर धरून ठेवतो आणि मागे नवं पान मांडतो. मला ते मांडायला दोन-तीन सेकंद लागायचे. तेवढा वेळ पडद्यावर नुसतं चित्र. सहा दिवस, रोज दोनशे वेळा तेच. अंग तापायचं, जीव नकोसा व्हायचा. खुसपटताई एकदा दाबायची, हात मागे घ्यायची आणि थांबायची. पान येणार हे तिला ठाऊकच होतं. शेवटी तिने यादीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'सावकाश, पण ठीक', आणि हिरवी खूण केली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उत्तीर्ण झालो म्हणून मी खणात निवांत पडलो.

तीन आठवड्यांनी, साइट नुकतीच लोकांपुढे गेली असताना, एका दुपारी खुसपटताईची मावशी कार्यालयात आली. ताईला लहानाचं मोठं हिनेच केलेलं. घरात आता दोघीच. मावशीची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा इस्पितळात जाऊन यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागे, आणि त्याचा नंबर ती आता त्याच साइटवरून स्वतः लावू लागली होती. त्या दिवशी ती इस्पितळातून परस्पर आली होती. पाय सुजलेले, धाप लागलेली.

"आजही नंबर नव्हता माझा," खुर्चीत टेकत ती म्हणाली. "परवाही नव्हता. दोनदा चुकलं. डॉक्टर म्हणाले, उद्या यायलाच हवं, आणखी एक चुकलं तर जिवावर बेतेल."

खुसपटताईचा चेहरा उतरला. काळजीतली माणसं रागावतात तशी ती रागावली. "मावशी, तू काहीतरी भलतंच दाबतेस! आण तो फोन इकडे. यापुढे नंबर मीच लावणार."

"असेल गं बाई. माझंच चुकत असेल. हल्ली डोकं चालत नाही माझं," मावशी म्हणाली आणि मुकाट्याने फोन पुढे केला. मी चमकलो. माझ्याच कंपनीचा, माझ्याच वयाचा! पण त्याचा जीव वाटेतच गेला होता, चार्जिंग संपलं होतं. म्हणून ताईने खणातून मला काढलं आणि माझ्यावर मावशीच्या नावाने इस्पितळाची साइट उघडली. "दाखव बरं, काय करतेस ते."

मावशीने चष्मा सारखा केला आणि 'उद्याचा नंबर लावा' वर बोट ठेवलं. मी धडपडत नवं पान मांडायला घेतलं. पडद्यावर जुनंच चित्र. मावशी क्षणभर थांबली आणि पुटपुटली, "लागलंच नाही वाटतं." तिने पुन्हा दाबलं. मित्रांनो, नेमकं तेव्हाच नवं पान पोचलं होतं, आणि त्या जागी आता 'रद्द करा' होतं. नक्की ना, असं विचारायला चौकट नव्हती. नंबर रद्द झाला. पण मी पुन्हा मागचं चित्र धरून बसलो, आणि त्या चित्रावर ठसठशीत लिहिलं होतं, 'तुमचा नंबर लागला आहे.'

"हे बघ, लागला," असं म्हणून मावशीने मला टेबलावर ठेवलं. घरी दर वेळी ठेवत असणार तसंच.

मग पान सरकलं. 'तुमचा नंबर रद्द झाला आहे.' ताईने वाचलं. मागे उभ्या चष्मेवाल्या दादानेही वाचलं, आणि तो हळूच म्हणाला, "अरे देवा." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हिरवी खूण घेऊन निजलो होतो.

साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं. "या फोनलाच यादीतून काढा ना. असला फोन आता वापरतं कोण?"

"साहेब, एक तर तुमच्यासमोरच बसलीय," खुसपटताई म्हणाली. "उद्या हिचा नंबर लागला नाही तर काय होईल, ते डॉक्टरांनी सांगितलंय."

साहेब मावशीच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिले. मग दादाला म्हणाले, "काढ ते सगळं. आत्ता."

तासाभरात दादाने सरकती पानं काढली आणि ती चौकट परत बसवली. ताईने यादी उघडून माझी हिरवी खूण पुसली, लाल केली. आयुष्यात पहिल्यांदाच नापास झालो आणि छातीवरचं ओझं उतरलं.

ताईने मला पुन्हा मावशीपुढे धरलं. "तूच लाव. चुकलं होतं ते माझं, मावशी. तुझं नव्हे."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मावशीने विचारलं. ताईने मान डोलावली. मावशीने एकदाच दाबलं. खटकन पान बदललं. ना शोभा, ना गंमत. सकाळी सातचा नंबर लागला होता, आणि तो तसाच राहिला.

मित्रांनो, माझी बॅटरी आता फुगली आहे. एक दिवस मला भंगाराच्या खोक्यात टाकतील, त्याचं मला फारसं दुःख नाही. थकलोय मी. एवढंच मागणं आहे: तुमच्या घरातलं कुणी फोन हातात धरून "माझंच काहीतरी चुकतंय" असं म्हणालं, तर त्यांच्या हातातून फोन काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि त्यांना दाबू द्या.