अंगठ्याखालचा रिले

गाडीच्या मागे उभ्या असलेल्या कुंताबाईनं दिव्याच्या तालावर मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. इतकी भराभर की बांगड्या नक्कीच वाजत असणार. टिकारामला त्या ऐकू येत नव्हत्या. पण मूठ दिसत होती, आणि डॅशबोर्डखाली इंडिकेटर लावणाऱ्या-विझवणाऱ्या रिलेवर टेकवलेल्या त्याच्या अंगठ्यालाही तीच घाई जाणवत होती.

"बंद करा जी," त्याची बायको ओठ ठळक हलवत म्हणाली. "इंडिकेटर नुसता लुकलुक लुकलुक करून राहिला."

राइस मिलमध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, तिथल्या यंत्रांच्या आवाजात टिकारामचे कान गेले. रिटायर झाल्यावर त्यानं किट कार मागवली. सुट्या भागांतून घरीच जोडायची गाडी. लोखंडी सांगाडा, त्यावर फायबरची दोन सीटची उघडी बॉडी, आणि इंजिन मोडीत निघालेल्या एका व्हॅनचं. एकोडी गावातल्या घराच्या अंगणात तीन वर्षं हे काम चाललं होतं. येणारे-जाणारे कुंपणापाशी थांबून हसत. ते त्याला ऐकू येत नसे, पण दिसत असे.

"रिले जुना हाय," तो म्हणाला. ऐकू न येणाऱ्या माणसासारखा तो मोठ्यानंच बोले. "त्याले जुन्या बल्बची सवय. एलईडी करंट घेते एवढासा. त्याले वाटते, एखादा बल्ब उडाला, म्हणून बोंबलते."

मुलगा भुपेंद्र भंडाऱ्यात मोबाइलचं दुकान चालवी. रविवारी आला तेव्हा त्यानं खिशातून जादा करंट खाणारे चार रेझिस्टर काढले आणि कागदावर लिहून दिलं, 'हे लावा, झालं काम.' टिकारामनं लावले. इंडिकेटर शहाण्यासारखे लागू-विझू लागले. पण दहा मिनिटांत रेझिस्टर तव्यासारखे तापले आणि मागच्या फायबरवर रुपयाएवढा तपकिरी डाग उमटला. टिकारामनं चारही काढून मुलाच्या हातावर ठेवले.

"रिलेले फसवाचं म्हणून करंट जाळत बसू? मले नाई जमत."

"बाबा, सोडा ना आता," भुपेंद्र म्हणाला. "लोक हासून राहिले."

टिकारामनं त्याचे ओठ वाचले आणि पक्कड उचलली.

नागपूरहून एलईडीसाठीचा तीन पिनांचा रिले आला. तिसरी पीन अर्थिंगची. घाई संपली, पण मागचा डावा दिवा मात्र मेल्यासारखा मंद. त्यापायी दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी जेवता जेवता टिकाराम ताटावरून उठला. लोखंडी गाडीत करंटची परतीची वाट बॉडीतूनच असते; फायबरमधून तो परत येणार कुठून? त्या दिव्याची, सांगाड्याला त्यानं कुठंतरी टेकवून दिलेली तार गंजलेल्या बोल्टवर बसली होती. संध्याकाळपर्यंत त्यानं प्रत्येक दिव्यापासून वेगळी काळी वायर काढली आणि चारही एका घासून लख्ख केलेल्या बोल्टवर आवळल्या.

कुंताबाई पुन्हा मागे जाऊन उभी राहिली. तिची मूठ सावकाश उघडू-मिटू लागली. अंगठ्याखाली रिलेही तसाच ठोके देत होता. टिकारामनं डावा लावला, उजवा लावला, पुन्हा डावा लावला. कुंताबाईचा हात दुखून आला तरी ती थांबली नाही.

भंडाऱ्याजवळच्या एका तंत्रनिकेतनात हातानं बनवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. भुपेंद्रनंच फॉर्म भरला होता. ठरल्या दिवशी गाडी टेम्पोत घालून नेली. मैदानावर चुन्याच्या रेघा आखल्या होत्या. प्रत्येकानं आपल्या गाडीची एक फेरी मारून दाखवायची होती. टिकारामनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, लायसन्स खिशात होतं.

तंत्रनिकेतनातले चंद्रकुमार सर फॉर्म घेऊन आले. त्यांनी दिवे तपासले आणि मान डोलावली. मग कागद पुढं धरून एका ओळीवर बोट ठेवलं. चालकाचं नाव: भुपेंद्र.

टिकारामनं मुलाकडं पाहिलं.

"तुमाले हॉर्न ऐकू येत नाई, बाबा," भुपेंद्र म्हणाला. "एवढे लोक हायेत मैदानात. काई झालं तर?"

"त्यांचं बरोबर आहे, काका," सर म्हणाले. "गाडी तुमचीच. नावही तुमचंच सांगू."

टिकारामला निम्मंच कळलं. उरलेलं कुंताबाईनं सांगितलं, हातांनी, काही न वगळता. मुलाची बाजूसुद्धा.

"माह्याजवळ लायसन्स हाय," टिकाराम म्हणाला. आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं. "गाडी मी जोडली. चालवीन त मीच. नाई त गाडी इथंच उभी राहील."

"बाबा, एक चक्कर त हाय. कायले जिद्द करता?"

टिकारामनं सरांच्या हातून फॉर्म घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि गाडीचं बोनेट उघडलं.

फेऱ्या सुरू झाल्या. एक तीनचाकी गेली, एक बॅटरीवरची गेली, टाळ्या पडल्या. भुपेंद्र जरा वेळ घुटमळला, मग मंडपाच्या सावलीत जाऊन उभा राहिला. टिकारामच्या गाडीपाशी डिप्लोमाची एक मुलगी थांबली, टीना नावाची. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं कानाकडं बोट दाखवून पेन पुढं केलं. तिनं आपल्या तळहातावर लिहिलं, 'एवढ्या काळ्या वायरी काहून?'

टिकाराम हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. बोनेट बंद करून त्यानं खिशातला फॉर्म त्यावर उलटा पसरला आणि कोऱ्या बाजूवर बॅटरी काढली, स्विच काढला, तीन पिनांचा रिले काढला. "हे पाय बेटा, करंट जाते इकडून," तो मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागला, "पण त्याले घरी परत याले रस्ता पायजे का नाई?" आणखी तिघी-चौघी गोळा झाल्या. एकीनं वही उघडली.

लाउडस्पीकरवरून भुपेंद्रचं नाव पुकारलं गेलं. मग दुसऱ्यांदा.

मंडपातून भुपेंद्रनं आईकडं पाहिलं आणि बाबांना सांग, अशी खूण करत गाडीच्या दिशेनं हात केला. कुंताबाईनं ते पाहिलं, पुकाराही ऐकला. तिनं गाडीचं छोटं दार उघडलं, पदर सावरला आणि चालकाची सीट रिकामी ठेवून तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं. तिनं ते टिकारामला सांगितलं नाही. तो कागदावर चौथ्या दिव्याची वायर काढत होता.