सिस्टर ग्लेनिसची स्टेपनी

"उचलून बघायचंय? तुम्हाला?" मर्व्हने हातातला पाना खाली ठेवला. "सिस्टर, टायर गाडीला लावायचे असतात, कडेवर नसतात घ्यायचे."

"एकटं असलं की कडेवरच घ्यावे लागतात रे," ग्लेनिस म्हणाली. चेहऱ्यावर हसू होतं.

गावातल्या एकुलत्या एका टायरच्या दुकानात तिचा दवाखान्याचा ट्रक जॅकवर चढवलेला होता. जुने टायर दगडांनी पार सोलून काढले होते. आता कंपनीच्या मापाचेच घालायचे की मोठे? मर्व्हचं मत ठाम होतं. मोठ्या टायरांनी ट्रक उंच होतो, दगड पोटाला घासत नाहीत, ओढे सहज ओलांडता येतात. झाडून सगळ्या गुरांच्या फार्मवाल्यांनी तेच घातले होते. खर्च दवाखान्याचा. मग घोडं अडलं कुठे?

ते ग्लेनिसने कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात लांबच्या फार्मवर लसी घेऊन जाताना भर उन्हात टायर फुटला. स्टेपनी तिने काढली, पण काही केल्या ती बोल्टांपर्यंत उचलेना. रेडिओवर नुसती खरखर. गाडी सोडून पायी निघालेल्यांचं त्या माळावर काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अशा दोघांना तिनेच चादरीत गुंडाळलं होतं. ती चाकाला टेकून लहान मुलीसारखी रडली. दैव बलवत्तर म्हणून गुरांचा एक ट्रक आला. "आत्ताच दम खायला थांबले होते," ती ड्रायव्हरला म्हणाली. तेव्हापासून किल्ली हातात घेतली की तिच्या काळजात धस्स व्हायचं.

आता दुकानात तिने मोठं चाक उचलून बघितलं; ते जमिनीवरून हललंसुद्धा नाही.

"हे नको," ती धापा टाकत म्हणाली. "याने ओढा पार करीन, आणि पलीकडे फुटला तर तिथेच बसेन. नेहमीचं आण."

मर्व्हने ते आणल्यावर तिने सरळ फरशीवर बसकण मारली आणि पायांनी वर रेटायला दोन्ही पाय चाकाखाली सारले. ही युक्ती तिला बापाने शिकवली होती, आणि गेल्या महिन्यापर्यंत ती कधी फसली नव्हती. चाक वीतभर वर आलं, थरथरलं आणि धाडकन खाली आदळलं.

"फरशी निसरडी आहे हो," मर्व्ह घाईघाईने म्हणाला.

"हो, अंगणच वाकडं!"

मर्व्हने दाराकडे नजर टाकली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "मी काही बघितलं नाही, सिस्टर. झाकली मूठ राहू द्या."

"मूठ झाकून उन्हात मरू का? मला भीती वाटते, मर्व्ह. फार भीती वाटते."

आयुष्यभर हे ती लोकांकडून ऐकत आली होती. स्वतः पहिल्यांदाच बोलली. मर्व्हने हात पुढे केला, आणि तो धरून ती उठली.

"नेहमीचेच घाल," ती म्हणाली. "दोघांना उचलतील असे."

तिने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "ट्रूडी, सोमवारपासून फेरीला माझ्याबरोबर कुणीतरी दे."

"बरी आहेस ना गं? तू तर कायम एकटीच जातेस."

"जात होते."

मर्व्ह चाकं बसवून होईपर्यंत तिने ट्रकमधली शेजारची सीट रिकामी केली. टोपी, थर्मास, बिस्किटांचा डबा, अर्धवट विणलेला स्वेटर, सगळं मागे गेलं. सीटवरची लाल धूळ तिने हाताने झटकली. मग पट्टा ओढून बघितला. इतक्या वर्षांत तो कुणी लावलाच नव्हता. तो अडला, तशी ती हळूहळू ओढत राहिली, सुटेपर्यंत.