हसायचा रिवाज

कॉफिन बे खाडीवरच्या, कालवं निवडायच्या शेडमधून कुणी निवृत्त झालं, की शेवटच्या दिवशी खिमा भरलेली पाय-पेस्ट्री आणि बिअर समोर ठेवून भाषणात त्याची यथेच्छ सालटी काढायची, असा रिवाज होता. ज्याची निघायची त्याने हसायचं. तोंड वाकडं केलं, तर तो माणूस कायमचा हलका ठरला.

यंदा पाळी मुकादम क्लाइव्हची होती. बोलायला त्याने स्वतःच हाताखालच्या रोवीनाचं नाव पुढे केलं. "आमचं लाजाळूचं झाड बोलू दे! रडली तर रुमाल माझा."

हे नावही त्यानेच ठेवलेलं. रोवीनाला गोंगाट सोसत नसे. कुणाचा चढलेला सूर दिवसभर तिच्या अंगात राही. पण कामात तेच अंग उपयोगी पडे. दोन कालवं एकमेकांवर आपटली, की पोकळ वाजणारं मेलेलं कालव तिला लगेच कळे. फक्त शांतता हवी. तिने रेडिओ हळू करायला सांगितलं, की क्लाइव्ह तो वाढवी आणि शेड हसे. आई गेली त्या आठवड्यात ती टेबलाशी रडली, तर हा म्हणाला, "पोरी, समोर अख्खा समुद्र आहे, त्यात आणखी खारं पाणी कशाला?" तेव्हाही सगळे हसले. रोवीनाने ते हसू व्याजासकट जपून ठेवलं होतं.

नवा मुकादम कोण, हे मालकीण डॉट आजच ठरवणार होती. रोवीनाला ती जागा हवी होती. क्लाइव्हने आपल्या मेहुण्याचं घोडं पुढे दामटलं होतं. "ती? ती रेडिओला घाबरते, डॉटबाई. माणसं काय सांभाळणार?"

एक गोष्ट मात्र फक्त रोवीनाच्या ध्यानात आली होती. क्लाइव्ह कालवं वाजवायचा आणि तिच्या हाताकडे बघायचा. ती टाकून देई, तेव्हाच तोही टाके. डावीकडून हाक मारली तर वळत नसे. गडी बहिरा होत चालला होता आणि रेडिओच्या आड लपला होता.

ती उठली. रेडिओ बंद केला. क्लाइव्हच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि नेहमीच्या हळू आवाजात बोलू लागली. त्याच्या कळकट टोपीवर बोलली. लोक हसले, त्यांच्याकडे बघून क्लाइव्ह हसला. त्याच्या घोरण्यावर बोलली. त्याने मांडीवर थाप मारली.

मग तोंड तसंच हसरं ठेवून ती म्हणाली, "माझी आई गेली, तेव्हा यांनी मला समुद्र दाखवला. त्या दिवशी तुम्ही सगळे हसलात. आज हसून दाखवा."

कुणी हसलं नाही. हसला एकटा क्लाइव्ह, पोट धरधरून. "अगदी खरं! अगदी खरं!"

डॉटने ग्लास खाली ठेवला आणि त्याच्या डाव्या बाजूने हाक मारली, "क्लाइव्ह?" तो वळला नाही. "मग इतके दिवस कालवं निवडत कोण होतं?" तिने विचारलं. सगळ्यांच्या नजरा रोवीनाकडे गेल्या. डॉटने शेडची किल्ली टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

क्लाइव्ह एकेकाचं तोंड न्याहाळत बसला होता. त्याची ती धडपड रोवीनाला आत टोचली. तिला सगळ्यांचं सगळंच टोचायचं. टोचू दे, म्हणाली मनाशी, आणि त्याच्या उजव्या कानाशी वाकली.

"मी तुमची तारीफ केली, क्लाइव्ह. रेडिओ तेवढा घरी घेऊन जा. इथे आता कुणाला लागायचा नाही."