हिराबायाशी सरांचं रिकामं आकाश

जपानात, यात्सुगाताके डोंगराखाली, कोबीच्या शेतांपलीकडे ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी आमची ती भली मोठी अँटेना. तिचं नाव निघालं की मला तारे आठवत नाहीत, आधी हिराबायाशी सरांचं माझ्यावर ओरडणं आठवतं. "ओगाता, डोळे आहेत की बटणं?" काय दिवस होते ते!

मी तेव्हा त्यांची विद्यार्थिनी होते. दूर गावी, एहिमेला बाबांची संत्र्यांची बाग. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "नात्सुए, या हिवाळ्यात काही हाती लागलं तर ठीक, नाहीतर मी येतो न्यायला. आभाळाकडे बघून कुणाचं पोट भरलंय?" मेलं स्थळही बघून ठेवलं होतं.

मी वायूच्या एका ढगाचा अभ्यास करत होते. त्याच्या पोटात नुकताच एक तारा जन्मला होता. आमची रीत अशी: अँटेना आधी ढगाकडे वळवायची, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं, म्हणजे हवेची नि यंत्राची खरखर निघून जाते. उरतो तो निव्वळ ढग. ती रिकामी जागा सरांनी दहा वर्षांपूर्वी निवडलेली, सगळे तीच वापरायचे. पण माझ्या आलेखात दरवेळी एक खड्डा पडायचा.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले. "ते मोजमाप टाकून दे."

टाकलं. नव्यानं मोजलं, पुन्हा खड्डा. मला तर स्टेशनवर उतरलेले बाबा दिसायला लागले. शेवटी एका दुपारी, सर नूडल्स ओरपत असताना, जीव मुठीत धरून मी म्हणाले, "सर, तुमची रिकामी जागाच रिकामी नसली तर?"

सरांनी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"म्हणजे दहा वर्षं मी शेण खाल्लं?"

"तसं नाही, सर..."

"तसंच! चल ऊठ."

त्यांनी स्वतः अँटेना आपल्या त्या रिकाम्या जागेवर रोखली, आणि वजा करायला खूप लांबची दुसरी जागा घेतली. आलेख कागदावर हळूहळू उमटत गेला. माझा खड्डा पडायचा नेमका तिथेच उंचवटा! त्या रिकाम्या जागेत वायू होता, आणि चांगला वेगानं पळत होता. त्या नवजात ताऱ्यानं दोन्ही बाजूंना झोत सोडून ढग फाडला होता आणि वायू पार तिथवर ढकलला होता.

सर बघतच राहिले. मग खो खो हसले. "पाळण्यातलं पोर लाथा झाडतंय, आणि पांघरूण शेजारच्या खोलीत!" हसता हसता चष्मा काढून पुसत बसले. त्यांचं दहा वर्षांचं काम आता पुन्हा तपासावं लागणार होतं. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? बाबांचा नंबर दे."

फोन माझ्यासमोरच लावला. "तुमच्या मुलीला न्यायला येऊ नका."

बाबांचा चढलेला आवाज मलाही ऐकू आला. "का? असं काय शोधलं तिनं?"

"माझी चूक," सर म्हणाले.

मग बाबांचा आवाज उतरला. म्हणाले, "तिकडे थंडी फार असेल. संत्री पाठवतो." पेटी आली ती सरांच्या नावानं.

सरांना जाऊनही आता वर्षं झाली. मीही म्हातारी झाले, इथं शिकणारी पोरं मला वाकून नमस्कार करतात. माझ्यावर ओरडणारं मात्र कुणी उरलं नाही.