टाकीवाल्याची जागा

भांडण पेटलं ते पोरीच्या एका वाक्यावरून. लांबच्या मुलखातून ट्रक हाकून बाप घरी आला होता. हातपाय धुऊन तो ओट्यावर टेकतो न टेकतो, तोच पोरीनं दाराआडून विचारलं, "तुम्ही परत कधी जाणार?" कुचकेपणानं नाही, पाहुण्याला विचारतात तसं, सरळ.

बायकोनं हातातलं भांडं खाली आदळलं. म्हणाली, "ऐकलंत? लेकराला वाटतं बाप म्हणजे येतो, जेवतो आणि जातो. मी काय भिंतींशी संसार करायचा?"

गावात त्याचं नावच 'परदेशी' पडलं होतं. पोरगी जन्मली तेव्हा तो कुठल्याशा घाटात पंक्चर काढत बसला होता. ती पहिल्यांदा चालली, पडली, दात पडले, सगळं त्यानं फोनवर ऐकलं. तिला सायकल शिकवली ती शेजारच्या टाकीवाल्या काकांनी. तापात डॉक्टरकडे नेलं तेही त्यांनीच, खांद्यावर टाकून.

टाकीवाले काका म्हणजे तेलाचा टँकर चालवणारा म्हातारा. डेपोतून डिझेल भरायचं, आसपासच्या गावांतल्या पंपांवर, गिरणीवर, खडीच्या खाणीवर रिकामं करायचं आणि दिवेलागणीला घरी. कापणीच्या दिवसांत, शेतात ट्रॅक्टर ओळीनं उभे असले की सगळे त्याच्या हॉर्नकडे कान लावून बसायचे. परदेशीला त्याचा हेवा वाटायचा. रोज आपल्या अंथरुणावर पाठ टेकणं याहून माणसाला आणखी काय हवं?

त्याच सुटीत डेपोच्या गावी काम निघालं म्हणून तो काकांच्या शेजारी बसून टँकरमधून गेला. ऊन नुसतं रटरटत होतं, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. वळणावर काकांनी डोळे बारीक केले आणि सहज विचारलं, "पुढं काय रे, झुडूप आहे का?"

झुडूप नव्हतं. डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली बाई होती. परदेशीनं हात घालून स्टिअरिंग ओढलं. बाई ओरडली, भारा खाली पडला, टँकर कडेच्या मातीत दोन चाकं घालून पुढे गेला. काका हसले आणि म्हणाले, "धूळ फार झाली बघ यंदा." धूळ नव्हती. परदेशी काहीच बोलला नाही.

डेपोत तो साहेबाला भेटला. लांबचं सोडून जवळचं काम करायचंय, म्हणाला. साहेबानं त्याचं लायसन बघितलं, चांगलं आहे म्हणाला, पण या बाजूला एकच टँकर, आणि म्हातारा आहे तोवर जागा नाही. परदेशी उठला. दारापर्यंत गेला. मग मागं वळून म्हणाला, "म्हाताऱ्याला दिसतं का, तेवढं एकदा तपासून घ्या."

बस, एवढंच.

डोळे तपासले गेले. दोन्हींत काचबिंदू, एक डोळा तर कामातूनच गेलेला. काकांना घरी बसवलं आणि चावी परदेशीच्या हातात आली. त्याआधी त्यानं ज्वालाग्राही मालाचं वेगळं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली. बायकोनं कितीतरी वर्षांनी त्याच्यासमोर गाणं गुणगुणलं. पोरगी चार दिवसांत 'अहो' सोडून 'अरे बाबा' वर आली.

आणि परदेशी ताटावरून अर्धपोटी उठू लागला.

कारण चावी हातात आली त्याच संध्याकाळी काका आपणहून त्याच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, इतकी वर्षं तू खोकी वाहिलीस, खोकं जागेवर बसून राहतं. तेल बसत नाही. टाकी अर्धी असली तर ब्रेक मारल्यावर मागून बैलासारखी ढुशी देतं. नाल्याच्या उतारावर आधीच गिअर पाड. तार जमिनीला जोडल्याशिवाय पाइपाला हात लावू नकोस, ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. गिरणीवाला भरताना घाई करतो, त्याचं ऐकू नकोस. म्हातारा एकेक गोष्ट सांगत होता, आणि परदेशी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो आपणच, असं त्याला वाटत होतं.

रात्रंदिवस तो स्वतःशीच वकिली करायचा. बाई मेली असती की! खरंच होतं ते. आज ना उद्या कुणीतरी चिरडलं असतं, नाहीतर भरला टँकर नाल्यात गेला असता. पण दुसरा आवाज विचारायचा, मग त्याच दिवशी गाडीत का नाही बोललास? जागा नाही हे कळल्यावरच तुला बाई कशी आठवली?

तरीही त्यानं तोंड शिवूनच ठेवलं असतं. पण काकांनी चुगली करणारा शोधून काढला. त्यांच्या मते तो पंपावरचा माणूस होता. दोघांची अर्ध्या जन्माची मैत्री. मागे एकदा टँकर लावताना काकांनी पंपाचा खांब ठोकला होता, तेव्हा तो चेष्टेत म्हणाला होता, "चष्मा घे रे म्हाताऱ्या." तेवढं धरून काकांनी त्याच्याशी बोलणं तोडलं. एके दुपारी परदेशी पंपाच्या टाकीत पाइप सोडून उभा होता. काका रस्त्यानं चालले होते. पंपवाल्यानं हाक मारून चहाचा कप पुढं केला. काकांनी तो घेतला आणि त्याच्या पायाशी ओतला. चारचौघांत म्हणाले, "ज्यानं माझी भाकरी काढली त्याचं पाणीसुद्धा नको."

पंपवाला फडकं घेऊन पंपाच्या मीटरची काच पुसत राहिला. स्वच्छ काच, पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. काका अंगणात मक्याची कणसं सोलत बसले होते, पोरगी शेजारी दाणे गोळा करत होती. परदेशीनं तिला घरी पाठवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "काका, साहेबाला मी सांगितलं. पंपवाल्यानं नाही."

काकांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली, पण नजर त्याच्या खांद्याशेजारी कुठंतरी लागली.

"ती भारेवाली बाई?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला तिचं ओरडणं ऐकू आलं होतं. दिसली नव्हती." बराच वेळ ते कणसाचे केस ओढत राहिले. मग म्हणाले, "तू गाडीतच मला म्हणाला असतास, काका, तुम्हाला दिसत नाही, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. खाली उतरवलं असतं. पण मग तू साहेबाकडे गेला असतास, तर मला बोलायला तोंड राहिलं नसतं. आता आहे."

"आहे," परदेशी म्हणाला.

काकू आतून सगळं ऐकत होत्या. त्या दारात आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या की वर्षभर मी हेच सांगायला धजत नव्हते, तुम्ही घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मग परदेशीकडे वळल्या. "उपकार केलेस, पण चोरासारखे केलेस," एवढं म्हणून आत गेल्या.

काकांनी काठी घेतली. परदेशीला मागं यायला सांगितलं. पंपावर जाऊन त्यांनी चारचौघांतच पंपवाल्याचे हात धरले, आणि परदेशीला पुन्हा एकदा, सगळ्यांदेखत, तेच बोलायला लावलं. तो बोलला. लोक त्याच्याकडे बघत होते ते त्याला पाठीवरसुद्धा जाणवत होतं.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. तिला आधीच कुणीतरी कळवलं होतं. तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "माझ्यासाठी केलं असं मात्र कुणाला सांगू नका. मी तुम्हाला घरी या म्हणाले होते. कुणाला घरी बसवा म्हणाले नव्हते."

तो घरीच राहिला. काम सोडलं नाही. सोडून म्हाताऱ्याचे डोळे थोडेच येणार होते? गावानं दहा दिवस चघळलं आणि टाकून दिलं. पोरगी काकांकडे जातच राहिली. काका तिच्याशी बोलत, तिच्या आईशी बोलत. परदेशीशी नाही. पावसाळा गेला, रब्बीची पेरणी झाली, नाही. रोज सकाळी टँकर त्यांच्या अंगणासमोरून जायचा, परदेशी हॉर्न न वाजवता वेग कमी करायचा, काका मान वळवायचे नाहीत.

मग थंडीच्या एका सकाळी धुकं दाटलेलं असताना तो तसाच हळू पुढं निघाला, तर अंगणातून काठी आपटल्याचा आवाज आला. त्यानं टँकर थांबवला.

"मागचं डावं चाक," काका म्हणाले. त्यांचं तोंड अजून रस्त्यापासून वळलेलंच होतं. "आतलं. हवा कमी आहे. आवाज जड येतोय."

परदेशी खाली उतरला. वाकून चाकावर लाकडी ठोकणी मारली. खरंच बसका आवाज आला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण काका उठून आत चालले होते, एक हात भिंतीवर ठेवून. तेव्हा तो फक्त "बघतो, काका," म्हणाला आणि धुक्यातून टँकर हळूहळू हवेच्या दुकानाकडे घेऊन गेला.