काउंटरखालची जागा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी काउंटर आहे. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या मधोमध उभे राहण्यात माझे बरेचसे आयुष्य गेले. कोलकात्यातल्या एका सुताराने मला घडवले ते मात्र बँकेसाठी. ती शाखा बंद झाली, तेव्हा तिथूनच निवृत्त झालेल्या शरदरावांनी मला विकत घेतले आणि सियालदहजवळच्या आपल्या नव्या दुकानात आणले. काचेची आणि चिनी मातीची भांडी विकायचे ते दुकान. त्यांची मुलगी वृंदा कोलकात्यातच नोकरीला होती, म्हणून शरदराव आणि त्यांची पत्नी सुधाताई महाराष्ट्रात परतले नव्हते.

दुकानात शेफाली नावाची बंगाली बाई कामाला होती. ती रोज बराकपूरहून गाडीने येई. सुधाताईंना ती ‘बौदी’, म्हणजे वहिनी, म्हणे. मला पुसताना ती माझे कोपरेही सोडत नसे.

एके दुपारी जमीन हलली. कपबश्या किणकिणल्या. सगळे रस्त्यावर धावले आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीची काच शेफालीपासून हातभर अंतरावर पडून फुटली. त्या रविवारी वृंदा शहराच्या न्यू टाउन भागातून आली. तिच्या ऑफिसात भूकंपाचा सराव होत असे. तिने सांगितले, हादरे बसत असताना बाहेर पळायचे नाही; भक्कम टेबलाखाली शिरायचे, डोके झाकायचे आणि टेबलाचा पाय घट्ट धरायचा. तिने माझ्याखालचा सगळा माल काढायला लावला, जड भांडी खालच्या खणांत उतरवली, उंच मांडण्या लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडून घेतल्या. मग दर महिन्याला सराव होऊ लागला. गुडघे दुखत असूनही सुधाताई माझ्याखाली शिरत. मला फार बरे वाटे. एवढी वर्षे लोकांनी माझ्यावर वस्तू ठेवल्या होत्या. आता माझ्या आसऱ्याला माणसे येत होती.

वर्ष-दीड वर्ष गेले. सराव बंद पडला. दुकानाला रंग द्यायचा म्हणून पट्ट्या काढल्या, त्या परत बसवल्याच नाहीत. दुर्गापूजेसाठी जास्तीचा माल आला, तेव्हा शरदरावांनी डिनर सेटची खोकी माझ्याखाली सरकवली. सुधाताईंनी हटकले.

“पूजा होऊ दे, मग काढतो,” ते म्हणाले.

पूजा झाली, दिवाळीही झाली. शेफालीने दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. जमीन पुन्हा हलेल असे त्यांना खरेच वाटत नव्हते.

जानेवारीतल्या एका सकाळी ती हलली, आणि या वेळी थांबेना. शरदराव बाहेर गेले होते. सुधाताई आणि शेफाली माझ्याकडे धावल्या, वाकल्या, आणि त्यांचे हात खोक्यांवर आपटले. शेफालीने जीव खाऊन दोन खोकी बाहेर ओढली. जागा एकीपुरतीच झाली.

“बौदी, तुम्ही आत जा,” ती म्हणाली.

सुधाताईंनी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, त्यांना आत ढकलले आणि स्वतः डोके झाकून माझ्याशेजारी बसली. मागची मांडणी भांड्यांसकट तिच्या पाठीवर कोसळली. मी तिला लागूनच उभा होतो, पण मला तिला आत घेता आले नाही.

शेफाली वाचली, पण पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली नाही. शरदराव तिला भेटून आले. सुधाताईंना म्हणाले, “तिनं एवढंच विचारलं, बौदींना लागलं तर नाही ना?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मांडण्या जखडून घेतल्या. माझ्याखालची उरलेली खोकी एकट्याने काढली आणि त्या रिकाम्या जागेसमोर जमिनीवर बसून राहिले. उन्हाळ्यात दुकान बंद झाले.

मित्रांनो, आता मी एका चपलांच्या दुकानात आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याखाली खोकी भरली, पार जमिनीपासून फळीपर्यंत. दोन मुली दिवसभर माझ्याजवळ उभ्या असतात. मी त्यांची नावे शिकतो आहे. मला बोलता येत नाही, तुम्हाला येते. कुठल्याही दुकानात गेलात की जरा वाकून काउंटरखाली बघा. तिथे माल दिसला, तर दुकानदाराला तो तुमच्यासमोरच काढायला लावा.